टाळूची शिवण आणि मुलांचा श्वास: एका छोट्या किल्लीचा इतिहास

रात्रीचे जेवण आटोपले, दात घासून झाले, की मूल दिव्याखाली आ करून बसते. आई किंवा वडील त्याच्या टाळूवर बसवलेल्या लहानशा स्क्रूच्या छिद्रात तारेची किल्ली घालतात आणि पाव फेरा घशाच्या दिशेने फिरवतात. त्या पाव फेऱ्याने स्क्रू साधारण पाव मिलिमीटर उघडतो. हा नेम दोन-तीन आठवडे चालला की मुलाच्या वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये फट दिसू लागते. पालक घाबरतात. दंतवैद्य त्यांना सांगतात, की हेच अपेक्षित होते. फट हळूहळू भरून येईल, जबडा मात्र रुंद झालेला राहील.

वरचा जबडा अरुंद असलेल्या मुलांसाठी तालुविस्ताराचा हा उपचार ऑर्थोडॉन्टिक्समध्ये रूढ आहे. अलीकडे मात्र त्याची चर्चा वेगळ्याच कारणाने होते. मूल घोरते, तोंडाने श्वास घेते, रात्री त्याची झोप मोडते, दिवसा त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही. या साऱ्यावर टाळू रुंद करणे हा उपाय असल्याचे समाजमाध्यमांवर ठामपणे सांगितले जाते. त्यात तथ्य किती, हे समजून घ्यायचे तर या किल्लीचा इतिहास पाहावा लागतो. तो दोन दाव्यांचा इतिहास आहे. टाळूचे हाड मधोमध उघडता येते, हा पहिला दावा. तो खरा होता, पण सर्वमान्य व्हायला त्याला शंभर वर्षे लागली. टाळू उघडल्याने श्वास सुधारतो, हा दुसरा दावा. तो काही अंशी खरा आहे, आणि आज त्यावर पुराव्यापेक्षा अधिक विश्वास ठेवला जात आहे.

आधी थोडी शरीररचना पाहू. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागून घशाकडे फिरवले की जी कडक कमान लागते, ती कठीण टाळू. ती एकसंध भासते; प्रत्यक्षात डाव्या आणि उजव्या बाजूची हाडे तिच्या मधोमध एकमेकांना भिडलेली असतात. हाडांच्या अशा सांध्याला शिवण म्हणतात. कवटीच्या हाडांमध्येही अशाच शिवणी असतात. लहान वयात टाळूची शिवण बरीचशी सरळ आणि सैल असते. वय वाढते तशा तिच्या दोन्ही कडा करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकींत गुंतत जातात. डेन्मार्कच्या बिर्टे मेल्सेन यांनी १९७५ मध्ये टाळूच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून हा क्रम दाखवून दिला. म्हणूनच जो स्क्रू आठ-दहा वर्षांच्या मुलात सहज काम करतो, तोच प्रौढ माणसात बहुधा हाडाऐवजी दातच बाहेर ढकलतो.

दुसरी गोष्ट अशी, की तोंडाचे छत हीच नाकाची जमीन. दुमजली घरात खालच्या खोलीचे छत रुंद केले, तर वरच्या खोलीची जमीनही रुंद होणार. टाळू रुंद झाली तर नाकाची पोकळीही रुंद व्हावी, हे त्यामुळे सहज पटते. या उपचाराची सारी मोहिनी या एका तर्कात आहे, आणि त्याभोवतीचा सारा वादही.

हाड उघडता येते, हे प्रथम मांडले ते सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी, १८६० मध्ये. त्यांच्यापुढे साडेचौदा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या वरच्या सुळ्याला ओळीत जागा मिळत नव्हती. एंजेल यांनी दोन्ही बाजूंच्या उपदाढांना टेकेल असा स्क्रू टाळूवर आडवा बसवला, मुलीच्या हाती किल्ली दिली आणि तो सतत ताणलेला ठेवण्यास सांगितले. दोन आठवड्यांत तिच्या पटाशीच्या दातांमध्ये फट पडली. दोन्ही बाजूंची हाडे मधल्या शिवणीवर विलग झाली आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि ‘डेंटल कॉसमॉस’ या त्या काळच्या प्रतिष्ठित मासिकात तो प्रसिद्ध केला. मात्र मासिकाचे एक संपादक जे. एच. मॅकक्विलन यांनीच त्याबद्दल गंभीर शंका व्यक्त केली.

आज या शंकेकडे पाहून हसू येण्याचे कारण नाही. दातांमध्ये फट पडली, म्हणजे हाड सरकले, असे सिद्ध होत नाही. केवळ दात कलल्यानेही फट पडू शकते. मुलीच्या टाळूच्या आत काय घडले, हे पाहण्याचे साधन तेव्हा जगात कोणाकडेच नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ मध्ये. त्यानंतर काही आठवड्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, जर्मनीचे ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे न हलता थांबावे लागले. म्हणजे एंजेल यांचा दावा तपासता येण्याजोगा होण्यास ३५ वर्षे लागली. एंजेल यांचा निष्कर्ष बरोबर होता, आणि मॅकक्विलन यांनी पुरावा मागणेही रास्त होते. विज्ञानात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

श्वासाचा प्रश्न या कथेत वेगळ्या वाटेने आला. १८६८ मध्ये कोपनहेगनचे वैद्य विल्हेल्म मेयर यांनी एका अपरिचित आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. कमी ऐकू येणारी आणि नाकात बोलणारी एक तरुणी त्यांच्याकडे आली होती. तपासताना त्यांनी टाळूच्या मागून बोट वर नेले, तेव्हा नाकामागच्या जागेत मऊ मांसल वाढ बोटाला लागली. आज आपण तिला अ‍ॅडिनॉइड म्हणतो. लहान मुलांमध्ये ही वाढ मोठी असली की नाकाची मागची वाट अडते आणि मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. मेयर यांच्या या कामाचे महत्त्व असे, की त्यांच्या स्मरणार्थ कोपनहेगनमध्ये १८९८ मध्ये पुतळा उभारला गेला.

चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, इंग्लंडच्या चार्ल्स टोम्स यांनी या निरीक्षणाला दातांची बाजू जोडली. नाक चोंदलेल्या मुलांचा वरचा जबडा अरुंद आणि टोकदार कमानीचा असतो, असे त्यांना आढळले. त्याचे स्पष्टीकरणही त्यांनी दिले: तोंड उघडे राहिले की जीभ खाली पडते, टाळूला आतून मिळणारा आधार जातो आणि गालांचा दाब जबड्याला आत दाबत राहतो. उघडे तोंड, लांबट चेहरा, पुढे आलेले दात अशी जी ठेवण पुढे पाठ्यपुस्तकांत ‘अ‍ॅडिनॉइड चेहरा’ म्हणून आली, तिचे मूळ येथे आहे.

त्याच सुमारास हा विषय वैद्यकाबाहेरही पोहोचला होता. अमेरिकेतील मूळ निवासी जमातींची चित्रे काढून प्रसिद्ध झालेले चित्रकार जॉर्ज कॅटलिन यांनी १८६२ मध्ये एक छोटे पुस्तक लिहून, झोपेत तोंड मिटून नाकाने श्वास घेण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे योगाभ्यासात नाकाने श्वास घेण्याचे महत्त्व पूर्वापार मानलेले आहेच. पुढे आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांनीही १९०७ च्या आपल्या ग्रंथात, दात वेडेवाकडे होण्याच्या कारणांत तोंडाने श्वास घेण्याला सर्वांत प्रबळ कारणाचे स्थान दिले.

येथे थोडे थांबायला हवे. टोम्स यांचे म्हणणे असे होते, की नाक बंद राहिल्याने जबडा अरुंद होतो. यावरून जबडा रुंद केल्याने नाक मोकळे होईल, असे आपोआप ठरत नाही. पावसाने रस्ता ओला होतो. रस्ता कोरडा केल्याने पाऊस थांबत नाही. तरीही हा उलटा तर्क मोहक होता आणि तो लवकरच कोणीतरी करणार होते. १८८६ मध्ये आयसेल या जर्मन नासिकातज्ज्ञाने तालुविस्ताराचा नाकावर होणारा परिणाम अभ्यासण्यास आरंभ केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिलवॉकीचे जी. व्ही. आय. ब्राउन यांनी नाकाच्या अडथळ्यावर उपाय म्हणून टाळू रुंद करण्याचा पुरस्कार केला. आयोवा विद्यापीठाचे नासिकातज्ज्ञ ली डीन यांनी १९०९ मध्ये या विषयावर लेख लिहिला.

मात्र या साऱ्यांकडे होती ती मुख्यतः रुग्णांची वर्णने. श्वास किती सुधारला, हे मोजण्याची भरवशाची रीत नव्हती. उपचाराविना वाढू दिलेल्या मुलांशी तुलना नव्हती. दुसरीकडे, तारांनी दात हळूहळू बाहेर आणले तर त्यांच्यामागे हाडही वाढते, मग हाडे अशी जबरीने विलग कशाला करायची, हा विचार ऑर्थोडॉन्टिक्समध्ये बळावला. १९२० च्या दशकापासून पुढे अमेरिकेत हा स्क्रू जवळजवळ अडगळीत गेला. युरोपात, विशेषतः जर्मनीत, तो टिकून राहिला.

भारतातील आधुनिक दंतवैद्यकाचा आरंभ नेमका याच काळातला आहे, आणि त्याचा एक धागा त्याच आयोवा विद्यापीठाशी जुळतो. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९१५ मध्ये तेथून दंतवैद्यकाची पदवी घेतली. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय सुरू केले. पैशांची सोय म्हणून त्यांनी शहरात ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे आइस्क्रीमचे दुकान चालवले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्या प्रयत्नांतून १९३९ मध्ये बंगालचा दंतवैद्यक कायदा झाला. स्वतंत्र भारताचा दंतवैद्यक कायदा १९४८ मध्ये आला. म्हणजे अमेरिकेत या स्क्रूवर वाद झाला आणि विझला, त्या काळात आपल्याकडे दंतवैद्यकाचे शिक्षण नुकते उभे राहत होते. पुढे हा उपचार आपल्या पाठ्यक्रमात आला तो सिद्ध झालेले तंत्र म्हणून. त्याचा निष्कर्ष आपल्याला मिळाला. त्यामागचा दीर्घ संशय मात्र फारसा पोहोचला नाही.

स्क्रूला अमेरिकेत पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात. बॉनचे प्राध्यापक गुस्ताव्ह कोर्कहाउस यांनी इलिनॉय विद्यापीठाला भेट दिली, तेव्हा त्यांनी आपल्या रुग्णांची चित्रे दाखवली. तेथील तरुण संशोधक अँड्र्यू हास यांनी आधी डुकरांवर प्रयोग केले आणि मग मुलांवर उपचार केले. त्यांचा निबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. आता क्ष-किरण चित्रांत उघडलेली शिवण स्पष्ट दिसत होती आणि नाकाच्या पोकळीची वाढलेली रुंदीही मोजता येत होती. एंजेल यांच्या दाव्यावरचा संशय एका शतकानंतर मिटला. पुढे १९६८ मध्ये विल्यम बीडरमन यांनी साफ ठेवायला सोपी अशी केवळ धातूची रचना मांडली. आज अनेक मुलांच्या तोंडात दिसणारी साधने तिच्याच वंशातली आहेत.

हास यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. उपचारानंतर नाकाने श्वास घेणे सोपे झाले, असे काही रुग्णांनी सांगितले. दुसरा दावा अशा रीतीने पहिल्याच्या पाठीवर बसून परत आला. यावेळी मात्र तो मोजण्याची साधने हाताशी होती, आणि मोजमापाने चित्र गुंतागुंतीचे केले. स्क्रू जितका उघडतो, त्या मानाने नाकाची पोकळी बरीच कमी रुंदावते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे डोनाल्ड वॉरन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये नाकातील हवेच्या वाटेचे क्षेत्रफळ मोजले. सरासरी वाढ झाली होती. तरीही सुमारे एकतृतीयांश रुग्णांत ती नाकाने पुरेसा श्वास घेण्याइतकी नव्हती. केवळ श्वासासाठी टाळू रुंद करणे समर्थनीय नाही, असे त्यांनी लिहिले.

टोम्स यांच्या मूळ सिद्धान्ताचीही याच काळात परीक्षा झाली. कॅलिफोर्नियात एगिल हार्व्होल्ड यांनी माकडांची नाके बंद करून त्यांना तोंडाने श्वास घ्यायला लावले. त्यांच्या जबड्यांची ठेवण बदलली खरी, पण प्रत्येक माकडात ती सारखी बदलली नाही; ज्याने जबडा आणि जीभ जशी धरली, तसा त्याचा आकार झाला. स्वीडनचे स्टेन लिंडर-आरॉन्सन यांनी अ‍ॅडिनॉइड काढलेल्या मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा श्वास नाकाने सुरू झाल्यावर जबड्याच्या काही मापांची वाटचाल आपोआप सामान्याकडे झालेली दिसली. म्हणजे काही मुलांत आधी नाक मोकळे करणे हाच योग्य क्रम ठरतो.

मग प्रश्न आला झोपेचा. १९७६ मध्ये स्टॅनफर्डचे क्रिस्टियन गियेमिनो यांनी आठ मुलांतील स्लीप अ‍ॅप्नियाचे वर्णन केले. या आजारात झोपेत घशाची वाट पुनःपुन्हा मिटते, श्वास अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि झोप तुटत राहते. मुलांमध्ये त्याचे परिणाम शाळेत दिसतात: चिडचिड, चंचलपणा, मागे पडणारा अभ्यास. २००४ मध्ये रोमच्या पाओला पिरेल्ली यांनी गियेमिनो यांच्यासह ३१ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारापूर्वी या मुलांचा श्वास झोपेत तासाला सरासरी १२ वेळा अडत किंवा मंदावत होता. तालुविस्तारानंतर हे प्रमाण एकाच्याही खाली आले. हा निकाल जगभर गाजला. आज समाजमाध्यमांवर जे सांगितले जाते, त्याचा मोठा आधार हा आणि यासारखे अभ्यास आहेत.

मात्र ती ३१ मुले कोणती होती, हे क्वचितच सांगितले जाते. ती निवडलेली मुले होती: सर्वांचा वरचा जबडा खरोखर अरुंद होता, टॉन्सिल वा अ‍ॅडिनॉइड वाढलेले नव्हते आणि वजनही जास्त नव्हते. घोरणाऱ्या मुलांमध्ये टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड हेच सर्वांत नेहमीचे कारण असते. ती मुले या अभ्यासात नव्हतीच. शिवाय, उपचार न केलेल्या मुलांचा तुलनेचा गट नव्हता.

तुलनेचा गट नसल्याने काय बिघडते, ते २०१३ मधील एका मोठ्या अमेरिकी चाचणीने दाखवले. कॅरोल मार्कस आणि सहकाऱ्यांनी स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाची टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइडची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटावर केवळ लक्ष ठेवले गेले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली. वर्तन आणि रोजची लक्षणेही त्यांच्यात अधिक सुधारली. पण केवळ वाट पाहिलेल्या गटातही ४६ टक्के मुलांची तपासणी सामान्य आली. मुले वाढतात, घसा मोठा होतो, अ‍ॅडिनॉइड आक्रसतात. समजा, या ४६ टक्क्यांच्या टाळूवर त्या सात महिन्यांत कोणी स्क्रू बसवला असता, तर साऱ्या सुधारणेचे श्रेय स्क्रूला गेले असते. आणि ते श्रेय देणारे पालक खोटे बोलत नसते. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी मूल बरे होताना पाहिले असते.

हे सारे जमेस धरून अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली. जबडा अरुंद असेल तर तालुविस्तार करावा, त्याने काही मुलांच्या श्वासालाही लाभ होऊ शकतो. परंतु स्लीप अ‍ॅप्निया टाळण्यासाठी म्हणून तो करू नये. ज्या व्यवसायाला या उपचारातून उत्पन्न मिळते, त्यानेच घातलेली ही मर्यादा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्या देशात आज ३०० हून अधिक दंतवैद्यक महाविद्यालये आहेत, आणि २०२३ मध्ये संसदेने १९४८ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला. तंत्राची वानवा आता राहिलेली नाही. प्रश्न आहे तो कोणत्या मुलाला कोणता उपचार, हे ठरवण्याचा. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. टॉन्सिल वाढलेले मूल दंतवैद्याकडे स्क्रू फिरवत बसले, तर त्याच्या खऱ्या आजाराचे एक वर्ष वाया जाते. उलट, ज्याचा जबडा खरोखर अरुंद आहे, त्याचा उपचार ‘मोठेपणी पाहू’ म्हणून पुढे ढकलला, तर शिवण घट्ट होते आणि सोपा उपाय अवघड होऊन बसतो.

म्हणून घोरणाऱ्या मुलाच्या पालकांनी किल्ली हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. मुलाच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात का, म्हणजे जबडा मुळात अरुंद आहे का? कान-नाक-घसा तज्ज्ञांनी अ‍ॅडिनॉइड, टॉन्सिल आणि नाकाची अ‍ॅलर्जी तपासली आहे का? आणि झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर रात्रभराची झोपेची तपासणी, पॉलिसोम्नोग्राफी, करून घेण्याची गरज आहे का?

१८६० मध्ये मॅकक्विलन यांनी एंजेल यांना जे विचारले, त्याचा मथितार्थ इतकाच होता, की हे कशावरून? तेव्हा तो प्रश्न एका खऱ्या शोधाच्या आड आला असे वाटले. पण त्याच प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता तो शोध पक्का झाला. श्वासाच्या दाव्यालाही हाच प्रश्न विचारत राहणे, हे त्या दाव्याशी वैर नाही. दिव्याखाली आ करून बसलेल्या मुलाचे ते आपल्यावरचे ऋण आहे.